कोकरांना दिलेली धुरी

आमच्या घरात आई एकच होती. माझ्या नवऱ्याची आई, म्हणून माझीही आई, आणि माझ्या मुलीचीही तीच आई. माझी मुलगी मला वहिनी म्हणायची आणि आपल्या बापाला दादा. यात कुणाला काही वावगं वाटत नसे. आमच्या आत-बाशीच्या खोऱ्यात पहिलं मूल आजी-आजोबांचं असतं. चाळीस दिवस झाले की सून ते सासूच्या ओटीत घालते आणि तिथून पुढं ते सासूचं शेंडेफळ. म्हाताऱ्या माणसांची कूस गार पडू नये म्हणून ही रीत, असं सांगतात. माझा चुलतसासराही असाच त्याच्या आजीचा मुलगा होता; सख्ख्या बापाला तो शेवटपर्यंत दादाच म्हणत गेला.

मीही घातलं. एकवीस वर्षांची होते. सासूबाईंचं नाव सेयिलकान. सुनेनं सासूचं नाव तोंडात घ्यायचं नसतं, पण एकदा सांगायला बसलेय तर घेते. त्या म्हणाल्या, "बुरुल, तुला काय गं, तुला आणखी होतील." झाली नाहीत. त्यात त्यांचा दोष नाही, आणि माझाही नाही.

देताना त्यांनी एकच बजावलं होतं. "आता हिला जवळ घ्यायचं नाही. तू घेत राहिलीस तर ही माझ्याकडे रुळायची नाही." मी ते ऐकलं. मी हट्टी बाई आहे. करायचं म्हटलं की पुरतं करते. कानिशाय चालायला लागली, पडली, गुडघा फुटला की कधीकधी माझ्याकडे धावत यायची. मी तिचं नाक पुसायची आणि खांद्याला धरून तिला वळवायची. "जा, आई बघ कुठाय." रात्री चुलीजवळ एकटी बसून सासूबाईंना मनातल्या मनात नाही नाही ते बोलायची, आणि सकाळी त्यांना चहा ओतून द्यायची. अशी सहा वर्षं गेली.

त्या वसंतात सासूबाईंच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. माझी नणंद नारिन नावाच्या शहरात राहते. तिचा निरोप आला, डॉक्टरांनी तारीख दिलीय, शनिवारी तिचा नवरा गाडी घेऊन येईल. आईनं आता तिकडेच राहावं, मेंढ्यांच्या गोठ्यातल्या थंडीत तिचे गुडघे किती दिवस टिकणार? आणि कानिशायलाही आणा, शरद ऋतूत तिला इथल्याच शाळेत घालू.

निरोप बुधवारी आला. तुरात, म्हणजे माझा नवरा, बूट काढता काढता म्हणाला, "आईची मुलगी आहे, आईबरोबर जाणार. आपण काय बोलणार त्यात?"

"तुम्ही काय बोलणार ते मला माहीतच आहे."

"काय?"

"काही नाही."

तो हसला. एखादी गोष्ट डोक्यावरून गेली की तो हसतो. मी मात्र त्या घडीपासून दिवस मोजायला लागले. बुधवार गेला, उरले दोन. कानिशाय नारिनला गेली की परत यायची ती सुट्टीत, पाहुणी म्हणून. मग वहिनी म्हणायलाही कुणी उरणार नव्हतं.

पण मेंढ्या व्यायला लागल्या की रडायलाही सवड नसते. आमच्या नव्वद मेंढ्यांपैकी चाळीसेक व्यायल्या होत्या. लहान कोकरं दिवसा एका बंद खोलीत ठेवायची, आयांना उतारावर चरायला सोडायचं, आणि दुपारी आणून भेटवायचं, हा रोजचा क्रम. तुरातनं त्या वर्षी बाजारातून निळा रंग आणला होता. मेंढीच्या आणि तिच्या कोकराच्या पाठीवर एकच आकडा घालायचा, म्हणजे घोळ नको. सासूबाईंनी डबा उघडूसुद्धा दिला नाही.

"आकडे कैद्यांच्या पाठीवर असतात. माझ्या मेंढ्या काय चोऱ्या करून आल्यात?"

त्यांना प्रत्येक मेंढी तोंडानं ओळखू यायची, आणि तिचं कोकरूसुद्धा. निदान आधी यायची. त्या वर्षी त्या मेंढीचे कान चाचपून बघायच्या आणि मग नाव घ्यायच्या. आम्ही सगळे दिसलं नाही असं दाखवत होतो.

गुरुवारी सकाळी नदीपलीकडचा झापार आला. त्याची घोडी चुकली होती. झापार मनानं चांगला, पण त्यानं कौतुक केलं की लोकांचं काळीज धस्स होतं. एकदा त्यानं आमच्या गायीच्या कासेची वाखाणणी केली आणि आठवड्यात गाय आटली. गाय म्हातारी होती असं माझं मत, पण माझं मत कोण विचारतंय? मी आणि तुरात मेंढ्या घेऊन उतारावर गेलो होतो, त्यामुळे पुढचं कानिशायनं मला नंतर सांगितलं, झापारची नक्कल करून.

त्यानं भाकरी खाल्ली, चहा प्याला आणि कोकरांच्या खोलीत डोकं घातलं. "वा, सेयिलकानवहिनी! चाळीसच्या वर, आणि एकही मेलं नाही?"

सासूबाई तीनदा बाजूला थुंकल्या. "भाकरी खाल्लीस ना, मेल्या? मग मुकाट्यानं घोडी शोध जा."

"मी काय वाईट बोललो?"

"वाईट बोलला असतास तर बरं झालं असतं."

तो गेल्यावर त्यांनी आर्चाच्या वाळक्या फांद्या काढल्या. हे डोंगरावरचं झुडूप. त्याची धुरी आमच्याकडे प्रत्येक गोष्टीला चालते. पाळण्याला, नव्या नवरीला, दूरच्या प्रवासाहून आलेल्याला. कोकरांची दृष्ट काढायची तर एक फांदी पेटवून दारातून दोनदा फिरवली की झालं. पण सासूबाई शनिवारी जायच्या होत्या. आपल्यामागं हे कोण करणार, असं त्यांच्या मनात आलं. म्हणून त्यांनी लोखंडी घमेल्यात निखारे भरले, त्यावर फांद्यांचा भाराच टाकला, घमेलं कोकरांच्या खोलीत ठेवलं आणि दाराला आणि खिडकीला लोकरीचा जाड नमदा लावला. तासभर. वर्षभराची दृष्ट एकदमच काढून टाकली म्हणा ना.

दुपारी आम्ही मेंढ्या आणल्या. दार उघडलं की एकच गलका होतो. कोकरं ओरडतात, आया ओरडतात, कुणाचं कुणाला ऐकू येत नाही असं आपल्याला वाटतं. पण चहाचा कप संपायच्या आत सगळं शांत होतं, आणि नुसता चुटूचुटू लुचण्याचा आवाज राहतो. मला ती शांतता फार आवडते. दिवसातलं तेवढं एक माझ्याकडे कुणी मागितलेलं नाही.

त्या दिवशी ती शांतता आलीच नाही. कोकरं धावली, आपापल्या आईकडेच धावली. आयांनी साद दिली, घशातल्या घशात, जी त्या फक्त आपल्या पिल्लाला देतात. कोकरू कासेखाली शिरलं की मेंढी मान वळवून त्याच्या शेपटीखाली हुंगते. हुंगलं की तिची खात्री पटते आणि ती पान्हा सोडते. तशी प्रत्येक मेंढीनं मान वळवली, हुंगलं, क्षणभर थांबली, आणि ढुशी मारली. जिकडे बघावं तिकडे कोकरं आपटत होती.

मी एक उचलून नाकाशी धरलं. आर्चा. नुसता आर्चा. दुसरं उचललं, तेच.

"आई, काय केलंत तुम्ही?"

"धुरी दिली. दर वर्षी देतोच की."

"दार लावून?"

 त्यांनी माझ्या हातातलं कोकरू घेऊन हुंगलं आणि तिथंच शेणात बसल्या. मी त्यांना घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. डोळे, कान काहीही सांगोत, मेंढी शेवटी नाकाचंच ऐकते, हे मला त्यांनीच शिकवलं होतं. कुणाचं कोकरू मेलं की त्याचं कातडं सोलून अनाथ कोकराच्या पाठीवर बांधायच्या आणि त्याला नवी आई मिळवून द्यायच्या. पन्नास वर्षांत अशी किती जोडली असतील! आणि एका झापारच्या जिभेपायी चाळीस तोडून बसल्या होत्या.

तुरात म्हणाला, "म्हणून मी म्हणत होतो, रंग—"

"ते उद्या बोला," मी म्हणाले.

पण त्याचं खोटं नव्हतं. कुठलं कोकरू कुणाचं, आता कसं ठरवायचं? आया नाकारत होत्या. ढुश्या खाऊन बावरलेली कोकरं दिसेल त्या मेंढीखाली शिरायला लागली होती. दोन-तीन दिवसांची पोरं ती. संध्याकाळपर्यंत पोटात दूध गेलं नाही तर थंडीत टिकणार नव्हती. सासूबाई एकेक मेंढी धरून तिचे कान चाचपत होत्या, पण गोंधळात त्यांना तेही कळत नव्हतं.

कानिशाय कठड्यावर चढून बसली होती. ती म्हणाली, "सगळी आत घाला आणि एकेक सोडा ना. त्यांना माहितेय."

इतकं सोपं होतं. आम्ही कोकरं परत खोलीत घातली आणि तिला दाराशी उभं केलं. ती एक सोडायची. ते मध्येच उभं राहून ओरडायचं, कळपातून एकच मेंढी ओ द्यायची, आणि हे सरळ तिच्याकडे पळायचं. तुरात त्या मेंढीला दावणीला बांधायचा. मी तिच्या कासेतून चार धारा काढून कोकराच्या शेपटीला, डोक्याला चोळायची, थोडं तिच्याच नाकाला लावायची, वरून चिमूटभर मीठ. आणि सासूबाई तिच्या मानेवर हात ठेवून सूर लावायच्या. त्या सुराला शब्द नाहीत. वर जातो, खाली येतो, परत वर जातो. मेंढी मिठासाठी चाटायला लागते, चाटता चाटता तिला आपल्या दुधाचा वास लागतो, आणि सूर ऐकत ती उभी राहते. म्हाताऱ्या मेंढ्या लवकर वळल्या. पहिल्यांदाच व्यायलेल्या पहिलारूंनी जीव खाल्ला. ऊन कलेपर्यंत तीसच्या वर लागली होती आणि सासूबाईंचा घसा बसला होता, पण त्यांनी पाणीसुद्धा घेतलं नाही.

शेवटी पाच-सहा राहिली. त्यात काळ्या तोंडाची एक पहिलारू होती, भारी तापट. तिचं कोकरू तिच्याकडे जायचं, ती उडवायची, ते पडायचं, उठायचं, परत जायचं. तुरात दुसरी मेंढी आणायला गेला होता. कानिशाय माझ्याजवळ गवतात येऊन बसली.

"वहिनी, ते परत का जातंय? ती मारतेय की."

"आई आहे ना त्याची."

"पण तिला कुठं कळतंय?"

"ती वासानं ओळखते. वास गेलाय. ते आवाजानं ओळखतं. आवाज आहे तसाच आहे."

"म्हणजे त्याला माहितेय. तिलाच नाही."

"हं."

तिनं एक काडी उचलली आणि दातात धरली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "मीपण यायची ना तुझ्याकडे. तू म्हणायचीस, जा, आई बघ कुठाय."

माझा हात कासेवरच थांबला. "तुला... कुणी सांगितलं?"

"काय?"

"हेच. की मी तुझी..."

"सगळ्यांना माहितेय. मी आईला विचारलं होतं, मी कुणाच्या पोटातून आले? ती म्हणाली, वहिनीच्या."

"कधी?"

"मागेच. खूप लहान होते तेव्हा." आता ती मोठी झाली होती, सहा वर्षांची! "मग मी यायची. तू पाठवायचीस. मग नाही आले."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. माझं मूल माझ्याकडून काढून घेतलं, हे मी सहा वर्षं उराशी धरून बसले होते. पण ते मूल स्वतःच्या पायांनी माझ्यापर्यंत येत होतं, आणि खांद्याला धरून त्याला वळवणारे हात सासूबाईंचे नव्हते. खूप काही बोलायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "चुकलं माझं."

"हं," ती म्हणाली. जरा विचार करून म्हणाली, "त्याला अजून थोडं मीठ लाव."

दोन पावलांवर सासूबाई बसल्या होत्या. त्यांचा सूर थांबला होता. डोळे गेले होते त्यांचे, कान नव्हते गेले. थोड्या वेळानं त्यांनी घसा खाकरला आणि पुन्हा सूर लावला.

ती काळ्या तोंडाची मेंढी शुक्रवारी सकाळी वळली. दोन कोकरं शेवटपर्यंत लागलीच नाहीत. त्यांना आम्ही बकरीच्या दुधावर वाढवलं. सगळी वाचली.

शुक्रवारी दुपारी जेवणाआधी मी सासूबाईंच्या हातांवर पाणी घालत होते. त्यांचं गाठोडं बांधून दाराशी ठेवलं होतं, त्यावर कानिशायचे दोन झगे.  मी म्हणाले, "आई, कानिशायला इथं ठेवा."

त्या हात चोळत राहिल्या. "दिलेलं मूल परत मागतेस?"

"हो."

"लोक काय म्हणतील?"

"सून निर्लज्ज आहे म्हणतील. म्हणू देत."

"तुरातला विचारलंस?"

"त्यांना विचारून काय मिळणार आहे?"

त्यांच्या ओठाचा कोपरा हलला. "तेही खरंच."  तांब्यातलं पाणी संपलं तरी मी तो तसाच वाकडा धरून उभी.

"मी घेऊ नकोस म्हणाले होते," त्या म्हणाल्या. "सासवा म्हणतातच. माझी सासूही म्हणाली होती. पण सुना चोरून घेतात गं! पाठ वळली की मुका घेतात, पदराखाली खाऊ देतात. मी रोज कान देऊन असायची, आता हिची चोरी पकडते म्हणून. तू एकदाही केली नाहीस. इतकं ऐकशील असं वाटलं नव्हतं मला."

मी तांब्या खाली ठेवला.

"तिला विचारू नकोस हां, कुणाकडे राहतेस म्हणून. मोठी झाली की तिला वाटेल, आपण एकीला टाकलं. जे काय ते आपण दोघींनी ठरवायचं." त्यांनी ओले हात गुडघ्यांवर ठेवले. "राहू दे तिला. पण मला आई म्हणते ते तसंच राहील."

"तसंच राहील."

"दिसायला लागून मग मी बघायचं तरी काय तिकडे?" त्या म्हणाल्या, आणि हे मला नाही म्हणाल्या.

मी त्यांचे हात पुसले. मी काय मागितलं होतं ते मला तेव्हा कळलं. तरी मी शब्द मागे घेतला नाही. हे माझ्याबद्दल चांगलं की वाईट, मला अजून ठरवता आलेलं नाही.

शनिवारी नणदेचा नवरा गाडी घेऊन आला. सासूबाईंनी कानिशायला स्वतःच सांगितलं, "मी डोळे बरे करून घेते. तू इथं थांब, कोकरं बघ. सुट्टीत यायचं माझ्याकडे." ती बरं म्हणाली. गाठोडं उचलून गाडीत ठेवायला मदत केली. दार लागेपर्यंत ती अगदी शहाण्यासारखी उभी होती.

गाडी हलली आणि ती पळत सुटली. एक बूट चिखलात राहिला. "आई! आई!" ओढ्याजवळ मी तिला गाठलं, उचललं. तिनं मला मारलं, बोचकारलं, मनगटाला चावली. मी सोडलं नाही. सहा वर्षं झाली, तिच्या तोंडून तो शब्द आपल्यासाठी ऐकावा म्हणून मी झुरत होते. आता तो माझ्या छातीशी चालला होता, आणि गेलेल्या गाडीसाठी होता. ओ द्यायला माझी जीभ वळवळली. पण ती हाक माझी नव्हती. मी तिला नुसतं धरून चिखलात बसून राहिले. तुरात लांब उभा होता. तो हसला नाही.

मग ती दिवसभर बाहेर भिंतीला टेकून बसली, मांडीवर सासूबाईंचं जुनं जाकीट घेऊन. मी फार जवळ गेले नाही आणि लांबही गेले नाही. तिला दिसेन अशा बेतानं कामं केली. झाडलं, लोकर पसरली, पीठ मळलं, गरज नसताना भांडी दुसऱ्यांदा घासली. तिनं एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी, डोंगराच्या कडेवर ऊन असतानाच, ती आत आली. डोळे सुजले होते. चुलीशी उभी राहून जमिनीकडे बघत म्हणाली, "वहिनी, भूक लागलीय."

भूक लागली की ती आजवर आईलाच सांगायची. आई मला सांगायच्या, मी वाढायची, आणि आई तिला भरवायच्या.

मी भाकरी मोडली, तिच्यावर साय घातली. साय फार पडली. तिनं ती माझ्या हातातून घेतली, उभ्या उभ्याच खाल्ली, आणि आणखी मागितली.